मनगटाकडे लक्ष

“आता सगळं लक्ष आपल्या मनगटावर ठेवा,” दीपिका म्हणाली, आणि किशोरीला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्याला मनगट आहे याची जाणीव झाली. म्हणजे मनगट होतंच. त्यावर बांगड्या होत्या, नवरा, दत्तप्रसाद, गर्दीत घाईघाईनं तिथेच धरायचा, थंडीत कधी ते आतून ठणकायचं. पण असं वेगळं, हात संपून पंजा सुरू होतो त्या मधल्या जागेत कुणीतरी आणून बसवल्यासारखं, ते कधी तिच्या वाट्याला आलं नव्हतं. मालवणातल्या त्या शाळेचा हॉल सुट्टीमुळे रिकामा होता. बाकं भिंतीला सरकवलेली असणार, कारण आवाज मोकळा फिरत होता, आणि समुद्राकडच्या खिडक्यांतून येणारा वारा अंगाला चिकट लागत होता. समोर कुठेतरी एक डबा टीं टीं वाजत होता. तिच्या हातात वाळू भरलेली छोटी पिशवी होती. ती त्या डब्याकडे फेकायची, एवढंच काम. किशोरीनं मनगटाचा विचार केला. ते आधी मागे गेलं पाहिजे, मग पुढे आलं पाहिजे, मग कधीतरी बोटं उघडली पाहिजेत. पण कधी? ती हे ठरवीत असतानाच पिशवी हातातून सुटली आणि फट् करून जवळच पडली. टीं टीं दूर कुठेतरी निवांत वाजत राहिली. “डाव्याक गेली मावशे, आणि आखूड पडली,” दीपिका आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. मग घसा साफ करून पुन्हा शुद्ध मराठीत, कचेरीतल्यासारखी: “पुन्हा एकदा. लक्ष मनगटावर.”

दीपिका किशोरीच्या चुलत बहिणीची मुलगी. कोल्हापूरला खेळाचं शिक्षण घेत होती, आणि ज्यांना दिसत नाही ती माणसं नवी हालचाल कशी शिकतात, शिकताना त्यांचं लक्ष कुठे असलं तर बरं, असा काहीतरी अभ्यास तिनं घेतला होता. मालवण, कुडाळ, सावंतवाडी अशी हिंडून तिनं माणसं गोळा केली होती. मावशी तर हक्काचीच. किशोरी हसत हसत हो म्हणाली होती. तिला वाटलं होतं, यात आपल्याला जड ते काय. नऊ वर्षांची असताना फोंडाघाटला मेंदूत ताप शिरून तिचे डोळे गेले, आणि तेव्हापासून तिनं स्वतःचं सगळं स्वतः केलं होतं. सरकारी टेलिफोन कचेरीत फोन जोडून देत तिची अख्खी नोकरी होत आली होती. मासळी साफ करणं, साडीला फॉल लावणं, दाराशी आलेल्या पाहुण्याला पावलांवरून ओळखून त्याच्या आवडीचा चहा टाकणं यातलं काहीच तिला अवघड नव्हतं. नव्यानं दृष्टी गेलेल्यांना तिचं उदाहरण द्यायचे लोक, आणि ते ऐकताना ती खाली मान घालायची, पण ऐकायची मात्र पूर्ण. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. डोळे गेल्यापासून तिनं काहीही फेकलं नव्हतं. ठेवलं होतं, दिलं होतं, टाकलं होतं, पण फेकलं नव्हतं. हातातून गेलेली वस्तू पुन्हा सापडायची कशी? डोळे जाण्यापूर्वी, फोंडाघाटच्या घरामागे घाटातून उतरणारे ट्रक घरघरत असताना, ती भावाबरोबर काजूच्या बोंडांवर दगड मारायची, आणि तिचा नेम भावापेक्षा बरा होता. हे तिला त्या हॉलमध्ये, पिशवी पुन्हा हातात घेताना आठवलं. बोंडाचा वास आठवला, घशाला खवखव सुटेल असा. मग मनगट आठवलं, आणि पिशवी उजवीकडे गेली.

हॉलमध्ये जायचे असे काही दिवस होते, आणि बाहेर व्हरांड्यात आपल्या पाळीची वाट पाहत अप्पा बसलेला असायचा. रेडीचा माणूस, बंदरात क्रेन चालवण्यात जन्म गेला, साखरेनं अलीकडेच डोळे घेतले आणि तेव्हापासून मालवणात मुलीकडे राहत होता. अजून त्याला चपला सापडायच्या नाहीत, दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, आणि लागला की तो चौकटीलाच शिव्या द्यायचा. त्याची पाळी आली की किशोरी व्हरांड्यातल्या खुर्चीवर थांबून आतले आवाज ऐकायची. दीपिका त्याला काय सांगते ते कळू नये म्हणून दार लावून घ्यायची, पण दारातून पिशवीचा आवाज यायचाच. दोन-तीन आपटल्या की मग एक थेट डब्याजवळच्या पत्र्यावर वाजायची. मग आणखी एक. मग अप्पाचं गडगडाटी हसू. “किशोरीबाय,” बाहेर आला की तो म्हणायचा, “आज माका पेढे देवक व्हये.”

“काय करतास काय तुमी आत?” तिनं एकदा न राहवून विचारलं.

“ता सांगूचा नाय असा आसा. दीपिकान शपथ घातल्यान.” आणि त्याचा खांदा पुन्हा चौकटीला लागला.

किशोरीला त्याचा राग आला, आणि राग आल्याची लाज वाटली. कालपरवा आंधळा झालेला माणूस. ज्याला चहाचा कप धरायला दोन्ही हात लागतात. तिला वाटलं, आपण मन लावून करीत नाही आहोत. शाळेत असताना गणित जमेना तेव्हाही तिला असंच वाटायचं, आणि मग ती दुप्पट मन लावायची. तसंच तिनं आता केलं. घरीही ती मनगटाकडे लक्ष देऊ लागली.

तिथूनच सगळं बिघडत गेलं. आधी चहा. कपात चहा ओतताना तिनं आजवर काहीच केलं नव्हतं. म्हणजे चहा ओतला जायचा, कप भरत आला की त्याचा आवाज बारीक व्हायचा आणि पातेलं आपोआप सरळ व्हायचं. आता पातेलं किती कललं, मनगट किती वळलं, कोपर कुठे आहे, हे सगळे प्रश्न एकदम हातात आले, आणि त्या गलक्यात कपाचा आवाज ऐकायचा राहूनच गेला. चहा बशीत, बशीतून ओट्यावर, ओट्यावरून पायावर. मग पायरी. मागच्या दाराची ती उंच पायरी ती लग्न होऊन आल्यापासून उतरत होती. एका सकाळी तिला घोट्याचा विचार आला, आणि पायरी होती तिथेच असून पाय मात्र तिच्या अलीकडेच हवेत थबकला. ती दाराला धरून उभी राहिली. अंगणात शेजारणीची कोंबडी उकरत होती. तिला वाटलं, ही कोंबडी आपल्या पायाचा विचार करू लागली तर उपाशी मरेल. हसू आलं, पण ते पोटापर्यंत पोचलं नाही. अंगभर कुणीतरी अनोळखी माणूस हिंडतोय, एकेक सांधा चाचपून पाहतोय आणि विचारतोय, हे कसं चालतं, हे कसं चालतं, असं तिला वाटत राहिलं. कचेरीत फोन जोडतानाही बोटं बटणांवर क्षणभर उभी राहायची. कुणाला कळायचं नाही. तिला कळायचं.

आणि मग विळी. रविवार होता, बांगडा मासळीचं कालवण करायचं म्हणून ती खोबरं खवायला बसली होती. विळीच्या पाटावर एक पाय दुमडून, नारळाची वाटी दोन्ही हातांत धरून, खवणीच्या दातांवर ती फिरवायची, हे तिचं सगळ्यात आवडतं काम. त्यात तिला बोलावं लागत नाही आणि ऐकावंही लागत नाही. त्या दिवशी तिनं उजव्या मनगटाला सांगितलं, दाब. डाव्याला सांगितलं, फिर. आणि वाटी सटकली. दुखलं नाही. आधी फक्त खोबऱ्याला एक ओलसर, गरम वास आला, मग अंगठ्याच्या बुडाशी ठोका पडू लागला. पुढच्या खोलीत पेपर वाचणारा दत्तप्रसाद कसा कोण जाणे तोवर तिच्यापाशी पोचलेलाही होता.

“रगात येता गो! काय केलंस ह्या?”

“काय नाय. वायच लागला.”

“वायच? बघ, लादी कशी झाली ती.” तो फडकं शोधीत होता आणि त्याला ते सापडत नव्हतं.

“खिडकेखाली, डाव्या खुंटीर,” ती म्हणाली.

त्यानं फडकं गुंडाळलं, फार घट्ट गुंडाळलं. मालवणच्या भरड नाक्यावर त्याचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. त्याच्या फोनच्या तक्रारीसाठी तो एकदा कचेरीत फोन करून बसला आणि मग तक्रार मिटली तरी फोन करीतच राहिला, असं त्यांचं लग्न जमलेलं. लग्नात त्याच्या घरच्यांनी विचारलं होतं, हिला जेवण येतं का, आणि त्यानं न विचारताच हो सांगून टाकलं होतं. इतक्या वर्षांत तिला विळीवर बसलेली पाहून त्याला कधी भीती वाटली असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं. पण वाटत असली पाहिजे. रोज वाटत असली पाहिजे, आणि तो पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसत असला पाहिजे. म्हणून तर तो इतक्या लवकर पोचला.

“आता विळीर बसू नको,” तो म्हणाला. “बाजारात खवलेलो नारळ मिळता. मासे कापून मिळतत. उगाच कित्या?”

दुसऱ्या दिवशी विळी नेहमीच्या जागी नव्हती. माळ्यावर काहीतरी जड सरकवल्याचा आवाज तिनं ऐकला होता. संध्याकाळी दत्तप्रसादनं पिशवीतून खोबरं आणलं. ते बारीक होतं, स्वच्छ होतं, थंडगार होतं, आणि त्याला वासच नव्हता. त्याला बरं वाटावं म्हणून ती सोलकढीच्या दोन वाट्या प्यायली. आपलं घर हातभर लहान झालं आहे, असं तिला वाटलं. उद्या चूल जाईल, परवा पायरीला कठडा येईल, मग कठड्याला धरून न्यायला कुणीतरी येईल. आणि यात कुणाचीच चूक असणार नाही.

अंगठा बरा होईतो तिच्या मनात फोंडाघाटचं ते लग्न पुन्हा पुन्हा येत राहिलं. शेजारच्या तुळसाकाकीच्या मुलीचं लग्न. डोळे जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आई तिला चुलीपाशी फिरकू द्यायची नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर बसवून ठेवायची, हातात काहीतरी मऊ द्यायची, दोऱ्याचं बंडल, शेवग्याची पानं. तुळसाकाकीला एवढी फुरसत नव्हती. मांडवात शे-दोनशे माणूस, खवायला नारळांचा ढीग, आणि हात कमी. तिनं किशोरीला खाटेवरून उठवलं, एका विळीवर बसवलं, पहिली वाटी तिच्या हाताला धरून फिरवली आणि “कर गो, माका येळ नाय” म्हणून निघून गेली. बास. आजूबाजूला बायका ओरडत होत्या, कुणाचं तरी पोर रडत होतं, आचारी मीठ मीठ करीत होता, नवऱ्याकडची गाडी घाट चढताना अडली की उतरताना अडली यावर पुरुषांचा वाद चालला होता. किशोरी ऐकत राहिली. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आंधळी झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मग कुणीतरी पुढ्यातलं ताट उचललं आणि म्हणालं, अरे हे भरलं की. आई रात्री रडली होती, तुळसाकाकीशी भांडलीसुद्धा होती. पण दुसऱ्या दिवशी खाटेवर बसताना किशोरीला खाट टोचू लागली होती.

हॉलमधल्या शेवटच्या दिवशी दीपिकानं काहीच सूचना दिली नाही. “आज नुसतं फेका,” एवढंच म्हणाली. किशोरीनं नुसतं फेकायचा प्रयत्न केला, पण मनगट तिथेच होतं, नको असलेल्या पाहुण्यासारखं बसलेलं. पिशव्या इकडेतिकडे पडत गेल्या. मग दीपिकानं डबा बंद केला, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली, आणि तिच्या अंगठ्यावरची पट्टी चाचपली.

“मावशे, ह्या काय झाला?”

“नारळ खवताना लागला.”

“तुका कधी लागणा नाय.”

किशोरीनं मग सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून सांगायचा प्रयत्न केला. कोंबडीचंही सांगितलं. दीपिका हसली नाही. “मी दोन गट केलले,” ती हळू म्हणाली. “एका गटाक सांगतंय, हाताकडे लक्ष द्या. दुसऱ्याक सांगतंय, हात इसरा, पिशवी खंय जाता ता आयका. चिठ्ये टाकून गट पाडले. तू हाताच्या गटात इलंस. आधी सांगूक गावणा नाय गो. पण तू घराकडे पण ता करशीत असा माका वाटाकच नाय. मी सांगूक व्हया होता, हॉलातलो प्रयोग हॉलातच ठेव.”

“आणि अप्पा?”

“अप्पा दुसऱ्या गटात.”

किशोरीला आधी अप्पाचं हसू आठवलं आणि मग तिचं तिलाच हसू आलं, यावेळी पोटातून. एवढा मत्सर, एवढी झोपमोड, आणि कारण काय तर एक चिठ्ठी. दीपिका तिचा हात धरून बसली होती, नाक ओढत होती. किशोरी म्हणाली, “रडतंस काय? लाव तो डबो. माका पण हात इसरून बघूचा आसा.”

टीं टीं पुन्हा सुरू झाली. तिनं पिशवी उचलली. आता ती वाळू होती, सैल, कोपऱ्यात जमलेली, तिला तिकडे जायचं होतं. बस्स. किशोरीनं तिला तिकडे जाऊ दिलं. पत्रा वाजला. ती थबकली, दुसरी उचलली, तीही गेली, थोडी पलीकडे, पण तिच्या जाण्यात काही अडखळलं नाही. मधली हवा तिला कळत होती. कितीतरी वर्षांनी तिच्यापासून सुटून काहीतरी दूर जात होतं, आणि कुठे गेलं ते तिला माहीत होतं. “अजून दी,” ती म्हणाली. दीपिका पिशव्या गोळा करून आणून देत राहिली, आणि आकडे लिहायचे नव्हते म्हणून असेल, दोघी मोठमोठ्यानं ओरडत राहिल्या. “सगळ्यांचाच असा होता काय?” किशोरीनं निघताना विचारलं. “म्हायत नाय,” दीपिका म्हणाली, “अजून कुडाळची माणसां रवलीत. मगे कळात.”

घरी गेल्यावर मात्र सगळं लगेच पूर्ववत झालं नाही. विसर म्हटल्यानं विसरता येत नाही. पिशवीचं ठीक होतं, ती नवी होती. चहाचं जुनं होतं, आणि जुन्यात शिरलेला पाहुणा सहज उठत नाही. पण आता निदान तो पाहुणा आहे हे तिला ठाऊक होतं. एखाद्या सकाळी पायरी न कळत उतरून झालेली असायची आणि ते तिला अंगणात पोचल्यावर कळायचं. एखाद्या सकाळी नाही. ती वाट पाहत राहिली. बाजारचं खोबरं येत राहिलं.

मग एका संध्याकाळी दत्तप्रसाद दुकानातून लवकर आला, तेव्हा ती स्वयंपाकघरात रिकामी उभी होती. ओट्यावर तिनं सोलून, फोडून ठेवलेला नारळ होता.

“विळी काढा,” ती म्हणाली.

“कित्या?”

“ह्या खोबऱ्याक वास नाय. आणि माका खाटेर बसूचा नाय.”

खाटेचं त्याला काही कळलं नाही, पण आवाज कळला. मग त्यानं स्टूल ओढलं, माळ्यावरून विळी काढली, पुसली, आणि खाली ठेवताना पातं भिंतीकडे करून ठेवली. ती बसली. वाटी हातात घेतली आणि तशीच थांबली. तो तिच्यामागे, दारात उभा होता. त्याचा श्वास ऐकू येत नव्हता.

“तुमी श्वास घेतास काय नाय?”

“घेतंय.”

“मगे बसा थंय. आणि कायतरी बोला. दुकानात आज काय झाला?”

“काय होतला,” तो म्हणाला. खुर्ची करकरली. मग तो म्हणाला, “बाबली इललो. रिक्षावालो.”

“कशाक?”

“बायलेक वाढदिवसाचा कार्ड व्हया म्हणान. आयुष्यात पयल्यांदा. आणि कार्डां सगळी विंग्लिश. एकेक काढून माझ्या हातात देता, म्हणता, वाच आणि मालवणीत सांग.”

“तुमी सांगलात?”

“सांगूकच लागला. एकार लिवलला, तुझ्याबिगर माझा काळीज चलणा नाय. तर म्हणता, ह्या नको. ह्या वाचून ती माका डॉक्टराकडे न्हेयत.”

किशोरी हसली. बाबली तिला माहीत होता, रस्त्यातून जाताना भोंग्याऐवजी स्वतःच ओरडायचा. दत्तप्रसादला सांगायला नेहमी वेळ लागायचा, पण एकदा सुटला की तो माणसाचा आवाजही काढायचा. आता त्यानं बाबलीचा घोगरा आवाज काढला. दुसऱ्या कार्डावर चंद्र होता, तर बाबली म्हणे चंद्र नको, तिच्या माहेरच्या कुत्र्याचं नाव चंद्र्या. तिसऱ्यावर एवढी फुलं की त्याला वाटलं श्रद्धांजलीचं. दुकानात गिऱ्हाइकं जमली, प्रत्येक जण आपापलं कार्ड निवडून बाबलीच्या पुढ्यात धरू लागला. “मगे मी एक बरा काढलंय,” दत्तप्रसाद म्हणाला, “आणि सगळ्यांनी म्हटलां, मोठ्यान वाच. मी मोठ्यान वाचतंय, बाबली डोळे मिटून आयकता, आणि मान वर करून बघतंय तर दारात नम्रता. त्याचीच बायल. पोरांच्या पेन्सिली घेवक इलली. कधीपासून उभी, कोणाक म्हायत.”

खर्र असा एक खरखरीत आवाज आला. वाटीत खोबरं संपून करवंटी लागली होती. किशोरीचा हात थांबला. परातीत बोटं घातली तर ढीग होता, ओला, गरम, वासाचा. कधी झाला हे तिला ठाऊक नव्हतं. आणि हे लक्षात आलं त्याच क्षणी मनगट आलं, जड होऊन, नेहमीच्या जागी बसलं. मागे दत्तप्रसादही एकाएकी गप्प झाला होता. सांगता सांगता तोही विसरला होता आणि आता त्यालाही दिसलं होतं. स्वयंपाकघरात क्षणभर कुणी हललं नाही. बाहेर रस्त्यावरून एक स्कूटर गेली. बसू दे, तिला वाटलं. बसू दे बिचारं, किती बसेल.

तिनं रिकामी करवंटी बाजूला ठेवली आणि चाचपून नारळाची दुसरी वाटी उचलली.

“मगे?” ती म्हणाली. “फुडे काय झाला?”